पानावर सापडला तोच रोगाचा जिवाणू असतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडच्या बागेत हापूसच्या पानांवर काळे ठिपके पडले, लॅबला पानं पाठवलीत, १६एस तपासणी (जिवाणूच्या एका जनुकावरून त्याची ओळख) झाली आणि रिपोर्टात ‘पँटोइया’ असं जिवाणूचं नाव आलं. आता हाच रोग धरून फवारणी करायची का?

एवढ्या रिपोर्टावर तरी करू नका.

निरोगी, हिरव्यागार पानाचं धुवण प्लेटमधल्या अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) पसरलं तरी काही दिवसांत जिवाणूंच्या पिवळ्या, पांढऱ्या, कधी गुलाबी वसाहती, म्हणजे डोळ्यांना दिसणारे पुंजके, उगवतात. गुलाबी असतात त्या बहुधा मिथायलोबॅक्टेरियम या जिवाणूच्या. पिवळ्यांत पँटोइया नेहमीचाच. त्याच्या नावाचा मूळ ग्रीक अर्थही ‘नाना ठिकाणचा’ असाच आहे. त्याच्या काही जाती कांद्यावर, अननसावर रोग करतात हे खरं. पण आंब्याच्या पानावर तो सापडला म्हणून ठिपके त्यानेच पाडले, असं होत नाही.

एम.एस्सी.ला मी राजापूरकडच्या कलमांच्या पानांवर काम करत होते. आंब्यावर काळे ठिपके पाडणारा जिवाणू झँथोमोनास, आणि ‘झँथो’ म्हणजे पिवळा, हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे प्रत्येक प्लेटमधून मी पिवळी वसाहत उचलायची. अख्खा पावसाळा त्यात गेला. शेवटी तेच जिवाणू कुंडीतल्या कलमांच्या कोवळ्या पानांवर टोचले, तर पानं स्वच्छ राहिली. मी गोळा केले होते ते पानावरचे रहिवासी. खरा जिवाणू त्याच प्लेटमध्ये, पांढरट वसाहती करून होता, आणि मी तो दरवेळी टाकून देत होते.

कारण आंब्यावरच्या झँथोमोनासचे बहुतेक वाण पिवळा रंग बनवतच नाहीत. या रंगामुळे जाणकारांचीही गल्लत झाली आहे. १९४८ साली पटेल, मोनीझ आणि कुलकर्णी यांनी आपल्याकडच्या आंब्यावरून या जिवाणूचं वर्णन केलं, तेव्हा त्याला स्यूडोमोनास या प्रजातीत (अनेक जातींच्या मोठ्या गटात) ठेवलं होतं. पुढे तो झँथोमोनासमध्ये आला, तिथेही त्याची जात बदलत गेली. आज त्याचं नाव आहे झँथोमोनास सिट्री, पॅथोव्हार मँजिफेरीइंडिकी. लिंबावर खैऱ्या आणणाराही झँथोमोनास सिट्रीच, फक्त पॅथोव्हार वेगळा.

हा पॅथोव्हार शब्द तुमच्या कामाचा आहे. जिवाणू कोणत्या झाडावर कसला रोग करतो, यावरून पाडलेला जातीतला गट म्हणजे पॅथोव्हार. १६एस हे डीएनएच्या सुमारे १,५०० अक्षरांचं एक जनुक. त्यावरून प्रजाती कळते, पण झँथोमोनासच्या जाती त्यात एकमेकींसारख्याच दिसतात. जात ठरवायला जायरेज-बी सारखी आणखी जनुकं वाचावी लागतात, किंवा सगळा जीनोम, म्हणजे जिवाणूचा पूर्ण डीएनए. पॅथोव्हारसाठी मात्र जिवाणू झाडावर टोचूनच बघावा लागतो.

तुमच्या रिपोर्टात काय झालं असेल, याचा माझा अंदाज सांगते. पँटोइया चोवीस तासांत भरभरून वाढतो. झँथोमोनासला अठ्ठेचाळीस ते बहात्तर तास लागतात. दुसऱ्याच दिवशी प्लेट उघडून सगळ्यात ठळक वसाहत उचलली, तर पँटोइयाच हाती येणार. पानाचा पृष्ठभाग आधी निर्जंतुक केला नसेल तर शक्यता आणखी वाढते.

मुळात ठिपके जिवाणूचेच आहेत का, हे तुम्हीच आधी बघा. पान उजेडासमोर धरा. जिवाणूचा ठिपका शिरेपाशी अडतो, म्हणून कोनेदार दिसतो. काळा, बोटाला उंचवटा लागणारा, आणि बहुतेक वेळा भोवती पिवळी कडा. फळावर तोच ठिपका चांदणीसारखा तडकतो आणि त्यातून चीक येतो. करप्याचा, म्हणजे बुरशीचा, डाग वेडावाकडा, तपकिरी असतो. शंका असेल तर पान ओल्या कापसाबरोबर पिशवीत दोन-तीन दिवस ठेवा. डागावर नारिंगी-गुलाबी बारीक ठिपके उमटले तर तो करपा.

जिवाणूच वाटला तर नवीन नमुना द्या. ताज्या पालवीवरचे, नुकते पडलेले ठिपके निवडा, पावसाळ्यात आणि ताम्रयुक्त फवारणीच्या आधी. पानं कोरडी करून कागदी पाकिटात घाला. प्लास्टिकच्या पिशवीत ती कुजतात आणि कुजवणारे जिवाणूच वाढतात.

लॅबला सांगा की ठिपक्याच्या कडेचा तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. जिवाणूचा रोग असेल तर कापलेल्या कडेतून धुरासारखा लोट निघताना दिसतो. प्लेट तीन दिवस ठेवायला सांगा, पांढऱ्या वसाहतीही उचलायला सांगा. सापडलेला जिवाणू हापूसच्या कोवळ्या पानांवर टोचायचा, शेजारी नुसतं पाणी टोचलेली पानं ठेवायची. ठिपके पडले तर त्यातून तोच जिवाणू परत वेगळा करायचा. याला आठवडा-दोन आठवडे लागतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात आधी विचारून बघा.

बागेत काजूही असेल तर त्याची पानंही तपासा. काजू आंब्याच्याच कुळातला, आणि हा जिवाणू त्यावरही उतरतो.