राउटर राहू द्या, आधी अडॅप्टर सीपीयूच्या पाठीमागून काढा

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: जुन्या डेस्कटॉपला पाचेकशे रुपयांचा यूएसबी वायफाय अडॅप्टर चालेल का, त्याच्यावर घरातला टीव्ही आणि प्रिंटर जोडता येईल का, आणि दुकानदार म्हणतोय तसा राउटरच बदलावा का. पहिल्या दोहोंसाठी मी लिहायला बसलेच नसते. तिसरं वाचलं आणि राहवलं नाही.

राउटर बदलू नका. निदान आज तरी नको.

कोपरखैरण्याला आमचं बैठं घर आहे. सासरे मार्केटात माथाडी होते, तेव्हाचं. पुढे त्यावर मजला चढवला. नेटची वायर खाली दाराशी येते म्हणून राउटर तिथे, चपलांच्या कपाटावर. कॉम्प्युटर वरच्या खोलीत, कारण खाली संध्याकाळी सात ते दहा सासूबाईंच्या मालिका. मध्ये स्लॅब, आणि नेमकं राउटरच्या डोक्यावर येईल असं वर लोखंडी कपाट. घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे वायफायची यादी उघडली की आमच्या नावाआधी गल्लीतली वीसेक नावं वाचावी लागतात.

2020 च्या पावसाळ्यात मुलीचे बारावीचे क्लास ऑनलाइन सुरू झाले. डेस्कटॉपला वायफाय नव्हतं, म्हणून नखाएवढा अडॅप्टर मागवला. सोबत ड्रायव्हरची (म्हणजे अडॅप्टर कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) सीडी, आणि आमच्या सीपीयूला सीडी ड्राइव्हच नाही. (तुमचंही हेच होणार. ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर. मोबाइल चार्जिंगच्या वायरीने सीपीयूला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, तेवढ्यापुरतं नेट मिळतं. काही अडॅप्टर पहिल्यांदा लावले की कॉम्प्युटरला सीडी म्हणून दिसतात. घाबरू नका, ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो.) अडॅप्टर सीपीयूच्या मागे खोचला आणि मी कामाला गेले. तुर्भ्याला मार्केटात एका गाळ्यावर मी हिशेब बघते.

संध्याकाळी आले तर पोरगी रडकुंडीला. दर दहा मिनिटांनी क्लास तुटतोय, सर अर्ध्या वाक्यावर तोंड उघडं ठेवून थिजतायत.

आमच्या घरातले कॉम्प्युटरवाले म्हणजे भाऊजी, माझे धाकटे दीर. ऐरोलीला आयटी पार्कात आहेत. व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं बघून त्यांनी निकाल दिला, "वहिनी, राउटर जुनाट झालाय तुमचा. ड्युअल बँड घ्या, पाच गिगाहर्ट्झवाला."

मी म्हटलं, "अहो पण त्याच टेबलावर मोबाइल ठेवला तर त्याला नीट चालतंय."

"मोबाइलचं वेगळं असतं."

काय वेगळं असतं, ते काही सांगितलं नाही. नवरा भावाच्या बाजूने. 2,800 रुपयांचा राउटर आला.

फरक शून्य. पडणार तरी कसा? वायफाय 2.4 आणि पाच गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतं, ड्युअल बँडवाल्याला दोन्ही येतात. आमचा अडॅप्टर फक्त 2.4 गिगाहर्ट्झचा. नवा राउटर पाच गिगाहर्ट्झवर कितीही ओरडला तरी ह्याला ऐकूच येत नाही. खोक्यावर तसं छापलेलं होतं. खोकं कोणी वाचलं नाही. मीही नाही.

मग भाऊजींचा दुसरा निकाल: अडॅप्टर भिकार आहे, फेका तो, आतलं कार्ड बसवून घ्या.

टॅलीच्या (हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या) बॅकअपसाठी आमच्या कॉम्प्युटरला एक बाहेरची हार्ड डिस्क कायम लावलेली असायची, मागच्या निळ्या पोर्टला. अडॅप्टर तिच्या अगदी शेजारी. एका गुरुवारी ती डिस्क मी गाळ्यावर नेली. रात्री जेवताना पोरगी म्हणाली, "आई, आज एकदाही तुटलं नाही. माउसपण अडखळला नाही गं."

माउस! तो बिनवायरीचा, त्याचं ते पिटुकलं रिसीव्हरही मागेच खोचलेलं. आठवडाभर ती माउस अडखळतो म्हणत होती आणि मी सेल बदल म्हणून सांगत होते. हिशेब जुळत नसला की मी एकेक नोंद बाजूला काढून बघते. इथे नोंद माझ्या पिशवीतून तुर्भ्याला जाऊन आली होती. त्याच रात्री डिस्क परत लावली, फोटो कॉपी करायला टाकले. माउस लंगडायला लागला, वायफायच्या रेघा उतरल्या. डिस्क काढली, दोन्ही जागेवर. तीनदा करून बघितलं.

नंतर वाचून कळलं ते असं. निळं पोर्ट म्हणजे यूएसबी 3. ते, त्याची वायर आणि त्यावर चालणारी डिस्क काम करताना 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओचा गोंगाट सोडतात. वायफाय आणि असले माउस त्याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने 2012 मध्येच यावर सविस्तर लिहिलंय, त्यात बिनवायरीच्या माउसचाही प्रयोग आहे. ऐरोलीपर्यंत ते पोचलं नसावं.

वाशीहून दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणली, मेल-फिमेल, 120 रुपये. अडॅप्टर तिच्या टोकाला लावला आणि ते टोक वर नेऊन कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं. डिस्कपासून लांब, आणि सीपीयूच्या पत्र्याच्या आडूनही बाहेर. विंडोजमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये लिंक स्पीड दिसतो. सीपीयूमागे 13 एमबीपीएस होता, खिळ्यावर 72. खोक्यावर 150 छापलंय, पण ते दुप्पट रुंदीचा चॅनेल (पट्ट्यातला आपल्या वाट्याचा तुकडा) मिळाला तर, आणि वीस शेजारी असताना तो मिळत नसतो. 72 मधलेही प्रत्यक्षात निम्मेच हाताला लागतात. क्लासला तेवढे रग्गड झाले. पोरीने पुढचं वर्षभर त्या खिळ्यावर काढलं. महिना उलटताना अडॅप्टर बाजूला धरून कॅलेंडर बदलायचं, एवढाच त्रास.

तर तुमचं. अडॅप्टर घ्या, चालेल. नखाएवढे नॅनो लॅपटॉपसाठी असतात, डेस्कटॉपला ते घेऊच नका. अँटेना असलेला घ्या, आणि कुठलाही घेतलात तरी एक्स्टेन्शन वायर सोबतच घ्या. राउटर त्याच खोलीत किंवा एका भिंतीपलीकडे असेल तर ड्युअल बँड घ्या, पाच गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांची गर्दी कमी. मध्ये स्लॅब असेल तर 2.4 च कामाला येतं, ते आरपार जास्त जातं. राउटरमध्ये चॅनेल 1, 6 किंवा 11 यांपैकी जो कमी गर्दीचा तो ठेवा, मधले आकडे दोन्हीकडच्यांशी भांडतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटखाली, वीज वाचवायला तो बंद करण्याची परवानगी देणारी खूण असते, ती काढा. नाहीतर मधेच झोपतो.

टीव्हीला हा अडॅप्टर लावून उपयोग नाही. टीव्हीचं यूएसबी पेनड्राइव्हसाठी असतं. वायफायचा अडॅप्टर तो कंपनीने सांगितलेलाच घेतो, तोही घेतला तर. प्रिंटरचं ते चौकोनी भोक तर कॉम्प्युटरची वायर घेण्यापुरतंच, त्यात अडॅप्टर शिरणारही नाही. प्रिंटर वायरीने डेस्कटॉपला लावा आणि तिथून शेअर करा. डेस्कटॉपला नेट वायरीने येत असेल तर विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉट चालू करून अडॅप्टरवरून टीव्हीला देता येईल, आठ उपकरणांपर्यंत. पण टीव्ही बघायचा तर कॉम्प्युटर चालू ठेवायचा, आणि स्वस्तातले काही अडॅप्टर हॉटस्पॉट होतच नाहीत. नेट वायफायने घेऊन त्याच अडॅप्टरने पुढे वाटायचं म्हटलं तर वेग निम्म्यावर येतो. एकाच ताटात दोघं जेवणार.

हो, एक राहिलं, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. डेस्कटॉपशेजारी मोबाइल धरून त्याच वायफायवर बघा. मोबाइललाही तुटक चालत असेल तर दोष अडॅप्टरचा नाही. मग राउटरची जागा बदला, आणि तरी नाहीच तर बदला बापडा राउटर. मोबाइलची अँटेना असल्या नॅनोपेक्षा चांगली असते हेही खरं. म्हणजे भाऊजींचं "वेगळं असतं" अगदीच चूक नव्हतं, फक्त पुढे त्यांनी काढलेला अर्थ चूक होता. आणि जिन्यावरून वायर ओढता येत असेल तर सरळ वायरच ओढा, वायरीसारखं काही नाही. आमचे सासरे पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होते. त्यांना कोण विचारतो.

भाऊजी मात्र अजून दर गणपतीला सगळ्यांसमोर सांगतात की वहिनींचं नेट राउटर बदलल्यावर सुटलं. एक्स्टेन्शन वायरीचं नाव काढलं की हसतात. म्हणून 2021 च्या गणपतीआधी मी जुना राउटर परत लावला. नाव तेच, पासवर्ड तोच. मखर त्याच्या पुढे आलं, त्यामुळे कुणाला दिसला नाही. भाऊजी दीड दिवस सोफ्यावर बसून मोबाइल बघत होते. जाताना नवऱ्याला म्हणाले, "बघ दादा, नव्या राउटरवर कसं मख्खन चालतंय."

तोच जुना अजून चालू आहे. नवा तुर्भ्याला गाळ्यावर नेलाय, तिथे तो छान चालतो, त्याचा काही दोष नाही. शेठने त्याचे 1,500 दिले. उरलेल्या 1,300 चं काय करायचं ते, भाऊजी, हे वाचलंत तर तुम्हीच सांगा. बिल फाइलला लावून ठेवलंय.