'विषय हार्ड' म्हणजे विषय अवघड नव्हे

एका आजोबांनी विचारलंय, "नातू दहावीत आहे. दिवसभर 'विषय हार्ड' आणि 'नाद खुळा' चालू असतं. याचा नेमका अर्थ काय, आणि असल्या बोलण्यावरून आजच्या पिढीबद्दल काय समजायचं?"

आधी एक विनंती. 'विषय हार्ड' म्हणजे 'विषय अवघड' असं कृपा करून कुणी सांगू नका. चांगले शिकले-सवरलेले निवेदकसुद्धा बिकट राजकीय पेच आला की "आज विषय हार्ड आहे" म्हणतात, तेव्हा माझा संताप होतो. कोल्हापूरकडे एखादा नवी बुलेट घेऊन येतो, मित्र भोवती दोन चकरा मारतात, एक जण टाकीवरून तळहात फिरवतो आणि म्हणतो, "विषय हार्ड!" यात अवघड काय आहे? ही दाद आहे. 'नाद खुळा' हीसुद्धा दादच.

खरी गंमत 'विषय' या शब्दातच आहे. मोनिअर-विल्यम्स यांच्या 1899च्या संस्कृत-इंग्रजी कोशात तो कुठल्या धातूपासून आला याचे दोन पर्याय दिलेत: 'विष्' म्हणजे क्रिया करणे, किंवा 'वि + सि' म्हणजे पसरणे. पहिला पाणिनीपुढे टिकत नाही. त्याच्या अष्टाध्यायी या व्याकरणातल्या 8.3.70 या सूत्रात 'सि'पासून झालेला 'सय' स्पष्ट सांगितलाय. 'वि'नंतर त्यातल्या 'स'चा 'ष' होतो आणि 'विषय' तयार होतो. दुसऱ्या पर्यायात साहेबांनी धातू बरोबर धरला, पण अर्थ हातचा घालवला. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थांसह यादी, म्हणतो 'षिञ् बन्धने'; 'षिञ्' म्हणजे हाच 'सि'. अर्थ बांधणे! वाचस्पती मिश्रांनीही सांख्यतत्त्वकौमुदी या सांख्य दर्शनावरच्या टीकेत हेच धरलंय: जाणणाऱ्याला जो बांधून घेतो, तो विषय. आता तो टाकीवरून हात फिरवणारा मुलगा आठवा. त्याचा पाय तिथून निघत नाही. विषयाने त्याला बांधलंय, आणि गाठ हार्ड आहे.

'नाद'ही याच कुळातला, असं माझं ठाम मत आहे. शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध हे इंद्रियांना बांधणारे पाच विषय, आणि त्यातल्या शब्दाचा, म्हणजे आवाजाचा, ठरलेला बळी म्हणजे हरीण. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले 24 गुरू सांगतो, त्यांत पारध्याच्या गाण्याला भुलून अडकलेलं हरीण आहे. एकनाथांनी याच स्कंधावर टीका लिहिली, 1573 साली काशीत पुरी केली, आणि ते हरीण कीर्तनांतून मराठी माणसाच्या कानी पडत राहिलं. आवाज या अर्थाचा 'नाद' मराठीत 'वेड, व्यसन' झाला तो याच वाटेने. घंटेचा नाद कानात घुमत राहतो त्यावरून हा अर्थ आला, असं सांगणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. घंटेचा नाद जरा वेळाने विरतो. नादी लागलेला माणूस सुटत नाही.

आता पिढीबद्दल. क्रियापद बघा. आमच्या लहानपणी नाद 'लागायचा'. "पत्त्यांचा नाद लागला त्याला," असं आई हळू आवाजात सांगायची, जणू घरात ताप शिरलाय. आजची मुलं नाद 'करतात'. ऊसतोडीच्या दिवसांत कारखान्याच्या रस्त्याला उभं राहा. दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातो आणि मागच्या फळीवर रंगवलेलं असतं, "नाद एकच, बैलगाडा शर्यत". त्या नादावर 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, तेव्हा पोरांनी बैल विकून मोकळं व्हावं असा शहाणपणाचा सल्ला पुष्कळांनी दिला. अनेकांनी बैल सांभाळले. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला शर्यतींची परवानगी मिळाली. हरणासारखं आपण सापडलो, असं यांच्यातलं कुणी म्हणत नाही. आपण निवडलं, असं म्हणतात. कीर्तनकार ज्याला बंधन म्हणायचे, त्याला ही मुलं छाती पुढे काढून आपलं म्हणतात, आणि मला ते आवडतं.

आणखी एक. पूर्वी असले शब्द मुंबईत तयार व्हायचे आणि गावाकडची पोरं ते उचलायची: बिनधास्त, झोल, राडा. 'विषय हार्ड' उलट्या दिशेने गेला. पुण्या-मुंबईच्या कॉलेजातली मुलं आज कोल्हापूरची नक्कल करतात, आणि करताना 'विषय' आणि 'हार्ड'च्या मध्ये थांबतात. थांबायचं नसतं. एका दमात म्हणायचं आणि जोर 'हार्ड'वर द्यायचा. नातवाला म्हणायला लावून बघा, तुम्हाला ऐकू येईल.