भुयारी मेट्रोचे फोटो आणि चित्र

प्रश्न : मुंबईच्या मेट्रो ३ च्या स्थानकात फोनवर काढलेल्या फोटोंवरून मी तैलरंगात चित्र करतो. खांब झुकलेले येतात, फोटोत आडवे पट्टे दिसतात आणि चित्र सपाट वाटतं. काय करावं?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : पट्ट्यांचं कारण दिवे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे काही एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. फोन कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (सेटिंग हाताने ठरवायची सोय) शटर, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, पट्टे बहुधा जातात. खांब झुकतात ते फोन वर कललेला असल्यामुळे. तो न कलवता, सरळ डोळ्यांच्या उंचीवर धरा. ०.५एक्स (जास्त रुंद दृश्य टिपणारी) लेन्स नकोच. ती कडेची माणसं ताणते.

सपाटपणाचा दोष एचडीआरचा, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक करणाऱ्या फोनच्या सोयीचा. तो सावल्या उजळवतो, दिवे दाबतो, आणि नेमका खोलीचा भास जातो. एचडीआर बंद करून एकाच जागेवरून तीन फोटो घ्या: एक नेहमीचा, एक दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट; हा दिव्यांचा रंग कळायला), एक दोन स्टॉप जास्त (छताखालच्या अंधारासाठी). व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून असलेलं सेटिंग) तिन्हींत एकच. एका फोटोत साधा पांढरा कागद धरा. रंग किती पिवळा-हिरवा झुकलाय ते लगेच कळतं.

फलाटाच्या काचेच्या दारांतली प्रतिबिंबं पुसू नका, चित्राची निम्मी गंमत तिथेच आहे. कॅनव्हासवर मात्र दिव्याला निव्वळ पांढरा फासून तो उजळत नाही. भोवतीचं छत दोन छटा गडद करा. आणि फोटोची परवानगी आधी स्थानकातच विचारा.