एमबीबीएस नाही, तरी हृदयरोगावर संशोधन करता येईल?

पत्र: मी सांगलीत बीएमएलटीच्या (लॅब तंत्रज्ञानाची पदवी) तिसऱ्या वर्षाला आहे. पोस्टिंगमध्ये हार्ट अटॅकच्या पेशंटचे सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे, रिपोर्ट बघते. बऱ्याच जणांच्या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढलेले आणि लिम्फोसाइट घटलेले असतात. या दोन्हींच्या गुणोत्तराला एनएलआर म्हणतात आणि त्यावर खूप पेपर येतात, असं सरांनी सांगितलं. मला यावरच काम करायचं आहे. पण बाबा म्हणतात, "संशोधन डॉक्टर करतात, तू सरकारी भरतीची तयारी कर." माझं चुकतंय का?

उत्तर: तुझं मुळीच चुकत नाही. रिपोर्ट छापून हातावेगळा करायच्या आधी दोन आकडे शेजारी ठेवून बघावेसे वाटणं, ही संशोधनाची खरी सुरुवात आहे.

आधी विषयाबद्दल थोडं. अटॅक आला की शरीरात कॉर्टिसोल आणि अॅड्रेनॅलिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल प्रवाहात उतरतात आणि लिम्फोसाइट घटतात. म्हणजे तू पाहतेस तो वाढलेला एनएलआर बराचसा अटॅकचा परिणाम असू शकतो. तो आधीपासूनच वाढलेला होता का, हा खरा प्रश्न. २०२१ मध्ये 'युरोपियन हार्ट जर्नल'मध्ये पाच मोठ्या औषध-चाचण्यांमधल्या सुमारे ६० हजार लोकांचं विश्लेषण आलं. सुरुवातीला एनएलआर जास्त असलेल्यांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त दिसला. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांनी हे गुणोत्तर फारसं हललं नाही. दाह (इन्फ्लमेशन) कमी करणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाने मात्र ते खाली आणलं. धमन्यांच्या आजारात दाहाचा वाटा आहे, याला यातून बळ मिळतं. तरीही एनएलआर जंतुसंसर्गात, स्टिरॉइडवर, गरोदरपणातही वाढतो. अमुक आकड्याच्या वर धोका, अशी सर्वमान्य रेषा अजून नाही. त्यामुळे कुणा नातेवाइकाचा रिपोर्ट बघून त्याला घाबरवू नकोस.

आता तुझ्या कामाचं. हे गुणोत्तर काढायला भागाकार पुरतो. अवघड आहे ते अंश आणि छेद विश्वासाचे असणं, आणि ते लॅबमध्ये ठरतं. लिश्मन स्टेनने रंगवलेल्या स्लाइडवर तू १०० पांढऱ्या पेशी मोजतेस. समज, या पेशींत खरोखर ६० टक्के न्यूट्रोफिल आणि ३० टक्के लिम्फोसाइट आहेत, म्हणजे एनएलआर २. पण १०० पेशींच्या मोजणीत निव्वळ योगायोगाने लिम्फोसाइट २१ ते ३९ यांपैकी कितीही येऊ शकतात. या दोन्ही सोडून बाकीच्या दहा पेशी तेवढ्याच धरल्या तर त्याच रक्ताचा एनएलआर कधी सव्वातीन येईल, कधी सव्वा. पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार वेगळे करणारं फाइव्ह-पार्ट मशीन हजारो पेशी मोजतं, म्हणून हा डळमळीतपणा तिथे खूप कमी होतो. थ्री-पार्ट मशीन तीनच गट देतं; काही मशीनमध्ये ग्रॅन्युलोसाइटच्या, म्हणजे दाणेदार पांढऱ्या पेशींच्या, गटात इओसिनोफिलही मिसळतात. जंत किंवा अॅलर्जी असलेल्या पेशंटमध्ये तो आकडा न्यूट्रोफिल म्हणून लिहिला की चूक झालीच. पेपर वाचताना आकडे कोणत्या मशीनचे आहेत आणि रक्त छातीत दुखू लागल्यावर किती तासांनी घेतलं, हे आधी शोध. अनेकदा ते लिहिलेलंच नसतं, आणि मला याचा मनापासून राग येतो. हे प्रश्न तुझ्यासारखी लॅबमध्ये स्टेनने हात रंगलेली मुलगीच विचारू शकते.

म्हणून बाबांच्या म्हणण्याचा अर्धाच भाग खरा आहे. पेशंटवर उपचार डॉक्टरच करणार. पण अशा अभ्यासात लॅबची माणसं लागतात, संख्याशास्त्र जाणणारी लागतात आणि रोगपरिस्थितीविज्ञानाची, म्हणजे समाजात आजार कुणाला आणि का होतात हे तपासणाऱ्या एपिडेमिऑलॉजीची, माणसंही लागतात. प्रयोगशाळेतच राहायचं असेल तर हिमॅटॉलॉजी किंवा क्लिनिकल बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी कर आणि आयसीएमआर किंवा सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदांच्या जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) परीक्षेची तयारी ठेव. त्यातून पीएचडीची फेलोशिप मिळते. आयसीएमआरचीच रक्तविकारांवरची संस्था, एनआयआयएच, परळला केईएमच्या आवारात आहे. तिथलं काम हृदयरोगाचं नाही, पण रक्तपेशी शिकायला उत्तम जागा.

तुझा प्रश्न पाहता मला मात्र तू एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा बायोस्टॅटिस्टिक्सकडे (आरोग्याच्या आकड्यांचं संख्याशास्त्र) वळावंसं वाटतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत एमपीएच आहे आणि ती संस्था हृदयरोगासाठीही ओळखली जाते. मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यासाच्या संस्थेत बायोस्टॅटिस्टिक्स आहे. प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात स्वतः वाच, विशेषतः पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र मागितलंय का ते. ऐकीव माहितीवर फॉर्म भरू नकोस.

सरकारी भरतीची परीक्षा जरूर दे. लॅब टेक्निशियनची नोकरी लागली तर ती कमीपणाची नाही, आणि घरच्या परिस्थितीचा विचार बाबा करतायत तो योग्यच आहे. पण भरतीची वाट बघत वर्षं काढू नकोस. एमएस्सी किंवा एमपीएचचे फॉर्म त्याच वर्षी भर.

इंटर्नशिपमध्ये एक छोटा प्रकल्प माग: एकाच नमुन्याचा एनएलआर स्लाइडवर आणि मशीनवर काढून दोन्हींत किती फरक पडतो ते बघायचं. उरलेल्या रक्तावर होईल, खर्च जवळपास नाही. मात्र सरांच्या सहीने एथिक्स कमिटीची परवानगी आधी घे आणि वहीत पेशंटचं नाव लिहू नकोस, कोड नंबर टाक.