वाचक विचारतात: गावात कॅमेरे उतरले की

या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत. मोठी दुर्घटना किंवा गुन्हा घडला की लहान गावात पत्रकारांचा तळ पडतो. त्या दिवसांत गावानं कसं निभवायचं?

प्रश्न: गावात मुख्य रस्ता एकच. त्यावर ओबी व्हॅनची, म्हणजे वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणाच्या गाड्यांची, रांग लागली आणि रुग्णवाहिका अडकली. या गाड्या हाकलून लावाव्यात का?

हाकललेल्या गाड्या परत जात नाहीत, गल्लीबोळांत शिरतात. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी त्यांना जागा नेमून द्या. कडक जमिनीचं मोकळं मैदान उत्तम. व्हॅनवरच्या डिशला उपग्रहाच्या दिशेचं आकाश मोकळं लागतं. झाड किंवा इमारत आड आली तर गाडी तिथे थांबणारच नाही. वर विजेच्या तारा मुळीच नकोत, कारण काही गाड्यांवर वर सरकणारा खांब असतो आणि तो तारेला लागून माणसं दगावली आहेत. जनरेटर घरांच्या खिडक्यांपासून लांब ठेवायला लावा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रस्त्याची चारेक मीटर रुंदी अग्निशमन गाडीसाठी कायम मोकळी हवी. मैदानावर पाणी आणि स्वच्छतागृहाचीही सोय करा, नाहीतर घरोघरी दारं वाजतील.

जागेइतकीच वेळही महत्त्वाची. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, एकाच अधिकाऱ्यानं माहिती द्यावी. नवीन काही नसेल तर तेवढं सांगायलाही यावं. लाइव्हची वेळ टळत नाही. सांगायला काही नसलं की वार्ताहर दिसेल त्याच्यापुढे बूम, म्हणजे वाहिनीचा माइक, धरतो, आणि ऐकीव गोष्ट बातमी होऊन बसते. जागा आखून देण्याचा उपयोग एका उदाहरणातून दिसतो. थायलंडमध्ये 2018 साली थाम लुआंग गुहेत 12 मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले होते. 8 जुलैला मुलांना बाहेर काढायला सुरुवात करण्याआधी पत्रकारांना गुहेच्या परिसरातून हलवलं, म्हणून बचावपथकांना वाट मोकळी मिळाली.

प्रश्न: आमच्या नात्यातल्या घरात मृत्यू झाला आहे. दारात कॅमेरे आहेत, बेल थांबत नाही. कुणालाच बोलायचं नाही.

बोलायचं बंधन कुणावरही नाही. पण पूर्ण मौनापेक्षा पाच-सहा ओळींचं लेखी निवेदन आणि घरच्यांनी निवडलेला एक फोटो द्या. फोटो दिला नाही तर सोशल मीडियावरून उचलला जातो, आणि कधी तो भलत्याच माणसाचा निघतो. अमेरिकेत न्यूटाऊनच्या शाळेतल्या 2012 च्या गोळीबारानंतर पहिल्या काही तासांत हल्लेखोर म्हणून त्याच्या भावाचंच नाव झळकलं होतं.

निवेदन वाचायला दुःखात नसलेला एखादा नातेवाईक किंवा शेजारी पुढे करा. फोन नंबर त्याचाच द्या. दार उघडून 'आम्हाला बोलायचं नाही' म्हणू नका. उघडलेलं दार आणि रडवेला चेहरा, तेवढंच दृश्य दिवसभर फिरत राहतं. बंद दाराआडून बोला.

कुणी बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर छोटी प्रतिक्रिया, द्यायचं ठरवलंच, तर कॉलरला लावलेला छोटा माइक काढून परत देईपर्यंत तो चालू आहे असंच धरून चाला. मुलाखत संपल्यावर सुस्कारा टाकत बोललेलं वाक्यही रेकॉर्ड होतं. 'हे छापू नका' असं बोलून झाल्यावर सांगून उपयोग नाही, आधीच ठरवून घ्यावं लागतं. 'हा व्हिडिओ तुमचाच ना? वापरू का?' असा मेसेज आला तर घाईनं 'हो' लिहू नका. त्या एका शब्दाला परवानगी मानलं जातं. स्वतःचं खातं बंद केलंत तरी मित्रांनी टॅग केलेले फोटो उघडे राहतात, तेही लपवायला सांगा.

प्रश्न: शाळा सुटताना फाटकाशी वार्ताहर मुलांना गाठतात. मुख्याध्यापक म्हणून काय करू?

मुलं दुसऱ्या फाटकातून, वर्गवार दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं सोडा आणि फाटकाबाहेर ओळखीची मोठी माणसं उभी करा. पालकांना लेखी कळवा की मुलांचा बाइट देऊ नये. 'तुला खूप भीती वाटली ना?' असं विचारलं की मूल विचारणाऱ्याला हवं ते उत्तर देतं, आणि पुढे तेच त्याला आठवायला लागतं. मूल साक्षीदार असेल तर तपासातला जबाबही त्यामुळे बिघडतो. थाम लुआंगच्या मुलांना 18 जुलैला पत्रकारांसमोर आणलं, तेव्हा प्रश्न आधी मागवून मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासून घेतले होते. मुलांशी बोलू द्यायचंच असेल तर एवढी काळजी हवी.

प्रश्न: त्या दिवसांत मोबाइल लागतच नव्हता. का?

पाठीवरच्या पिशवीतून थेट प्रक्षेपण करणारं यंत्र एकाच वेळी अनेक सिमकार्डांवरून चित्र पाठवतं. अशी दहा-बारा यंत्रं एका टॉवरवर आली की गावाला काही उरत नाही. कॉल लागत नसला तरी साधा एसएमएस बहुधा जातो. घरी ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंग सुरू करा. प्रशासनानं मोबाइल कंपनीकडे फिरता टॉवर मागावा, तोही पहिल्याच दिवशी.

प्रश्न: चुकीची बातमी लागली तर?

वाहिनी, तारीख, वेळ आणि नेमके शब्द लिहून ठेवा, स्क्रीन रेकॉर्ड करा. तक्रार वार्ताहराशी भांडून नव्हे, संपादकाकडे लेखी करा आणि दुरुस्तीचं वाक्य तुम्हीच लिहून द्या. वेबसाइटवरची जुनी बातमीही बदलायला सांगा, कारण टीव्हीवर दुरुस्ती झाली तरी ती तशीच राहते.