घासलेल्या सनमायक्यावर सक्शन कप सुटतो, पंप मोठा घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा: स्पर्धेतल्या रोबोटला खोके हवेच्या पोकळीने चिकटवून उचलायचे आहेत. १२ व्होल्टचा छोटा डायफ्रॅम पंप (पडदा हलवून हवा ओढणारा), ६० मिमीचा एकच कप. सनमायक्याचा नवा खोका उचलला जातो, सरावात घासून गेलेला मात्र मध्येच सुटतो.

पंपावर पैसे घालायची घाई नको. आधी कपाजवळ नळीत टी (तीन तोंडांचा जोड) लावून व्हॅक्यूम गेज जोडा आणि कप काचेवर टेकवा. तिथे ५० किलोपास्कलची पोकळी मिळते आणि खोक्यावर काटा १० वरच अडकतो, तर गळती कपाच्या कडेखालून आहे. काचेवरही कमीच येत असेल तर दोष जोडणीत. बहुतेकदा नळी कात्रीने तिरकी कापलेली असते आणि पुश फिटिंगमध्ये (नळी नुसती दाबून बसवायचा जोड) नीट बसत नाही. ब्लेडने काटकोनात कापा.

६० मिमीचा कप ५० किलोपास्कलला हिशेबाने १४१ न्यूटन धरतो, १० ला जेमतेम २८. खोका वरून उचलताना यातलं निम्मंच जमेस धरा. उभ्या बाजूने धरणार असाल तर चौथाई, कारण तिथे सगळा भार घर्षणावर येतो.

आता इलाज. ३० मिमीचे चार कप लावा, क्षेत्रफळ तेवढंच राहतं. एकूण कड, म्हणजे गळायची जागा, दुप्पट होते हे खरं, पण एक गळला तरी बाकीचे तीन धरून राहतात. अट एकच: प्रत्येक नळीत नायलॉनच्या दांडीचा तुकडा घट्ट बसवून त्याला पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) बारीक ड्रिल बिटने ०.८ मिमीचं भोक पाडा. नाहीतर गळका कप सगळी पोकळी खाऊन टाकतो.

खरा फरक पडतो तो कडेने. ओरखडा कडेच्या आतून बाहेर आरपार गेला की हवेला वाट मिळते, म्हणून कड रुंद आणि मऊ हवी. ५-६ मिमी जाडीचा क्लोज्ड सेल, म्हणजे बंद बुडबुड्यांचा, निओप्रीन फोम घ्या (मुंबईत नागदेवी स्ट्रीटला रबरवाल्यांकडे विचारा) आणि आत ३० मिमी मोकळे ठेवून १० मिमी रुंदीची रिंग कापा. घेताना तुकड्यातून फुंकर मारून बघा. हवा आरपार गेली तर तो ओपन सेल, आपल्या कामाचा नाही. सिलिकॉनच्या कपावर ही रिंग फेविक्विकने टिकत नाही. त्यापेक्षा कपच काढा, ३ मिमी ॲक्रिलिकच्या चकतीला मधोमध भोक पाडून रिंग तिच्यावर चिकटवा. चकती कपासारखी वाकत नाही, तेव्हा मागे स्प्रिंग हवीच. फोम दाबून दाबून चपटा होतो, जादा रिंगा कापून ठेवा.

एवढं करून गेज ३० च्या खाली राहिलं तरच दुसरा पंप, तोही समांतर. एकामागे एक जोडल्याने पोकळी खोल होते, हवा जास्त ओढली जात नाही. आणि इथे भांडण गळतीशी आहे. पंपाआधी बाईकचा पेट्रोल फिल्टर टाका, घासलेल्या खोक्याची भुकटी डायफ्रॅमचे व्हॉल्व्ह अडकवते. खोका सोडायला थ्री-टू सोलेनॉइड (कपात हवा परत सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) लागेलच. कडेला ग्रीस लावायचा मोह टाळा: डाग मागे राहिला तर स्पर्धेचे पंच आक्षेप घेऊ शकतात, शिवाय उभ्या पकडीत तेच घसरतं.