कमी बजेटमध्ये नेमबाजीसाठी पहिलं पिस्तूल कोणतं घ्यावं?

१० मीटर एअर पिस्तूल शिकायचं असेल तर पहिले काही महिने विकत घेऊच नका, क्लबचं वापरा. मूठ कुठल्या मापाची लागते ते हातालाच कळू द्या. मग नव्या स्वस्त स्प्रिंगवाल्यापेक्षा जुनं, पण कॉम्प्रेस्ड एअरचं (दाबून भरलेल्या हवेवर चालणारं) मॅच, म्हणजे स्पर्धेचं, पिस्तूल घ्या. स्प्रिंगचा झटका गोळी नळीतून सुटायच्या आत बसतो, त्यामुळे चूक हाताची की पिस्तुलाची हेच समजत नाही.

जुनं घेताना आधी हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. साधारण १० वर्षांची मुदत असते. उलटून गेलेला स्पर्धेत चालत नाही आणि नव्याचा खर्च मोठा. सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरून रात्रभर ठेवा. सकाळी दाबाचा काटा उतरलेला दिसला तर बहुतेक वेळा ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) गेलेली असते. ती स्वस्तात बदलते, तेवढ्यासाठी सौदा मोडू नका. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून, कॉक करून (झाडायला सज्ज करून), नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन टांगा आणि सावकाश उचला. ट्रिगर सुटता कामा नये. मूठ सैल असेल तर लाकडाची पुट्टी भरून घासता येते.

उरलेले पैसे सपाट तोंडाच्या ४.५ मिमी छऱ्यांवर घाला.